रिफायनरीतलं ट्रेनिंग: अर्धं झालंय, उरलेल्याचं काय करू?

रिफ्लक्स

नमस्कार मंडळी. केमिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलंय आणि सध्या एका रिफायनरीत इंडस्ट्रियल ट्रेनिंग चालू आहे. अर्धा काळ रिफायनरीत आणि उरलेला शेजारच्याच पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये, असं आहे. रिफायनरीचा भाग संपत आलाय म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवातीला सेफ्टी इंडक्शन झालं, मोबाईल गेटवर जमा, हेल्मेट-बूट-गॉगल, वारा कुठून येतोय ते विंडसॉक बघून ओळखायचं, सायरन वाजला की कुठे जमायचं. एच-टू-एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूबद्दल जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, म्हणजे वास गेला याचा अर्थ धोका गेला असा अजिबात नाही. शिवाय हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात, नाल्यात साचून राहतो.

मग लायब्ररीत बसवून ऑपरेटिंग मॅन्युअल हातात दिलं. ते वाचून काही कळत नव्हतं असं नाही, पण सगळं सपाट वाटत होतं. खरं कळायला लागलं क्रूड युनिटला, म्हणजे कच्चं तेल (क्रूड) तापवून त्याचे भाग वेगळे करतात तिथे, पाठवल्यावर. पुस्तकात एक कॉलम, म्हणजे हे भाग वेगळे करणारा उंच मनोरा, आणि त्यातून निघालेले चार बाण असतात. इथे कॉलम बाजूलाच राहिला, नजर जाईल तिथे हीट एक्स्चेंजर! टाकीतून थंड क्रूड येतं, बाहेर जाणाऱ्या गरम प्रॉडक्टकडून उष्णता घेत घेत पुढे सरकतं, मध्ये 130 अंशांच्या आसपास डीसॉल्टर (क्रूडमधलं मीठ पाण्याने धुऊन काढणारी टाकी), परत एक्स्चेंजर, आणि भट्टीत शिरतं तेव्हा 250-280 अंशांवर पोचलेलं असतं. भट्टी त्याला 360च्या आसपास नेते. त्याच्या फार वर नेलं तर क्रूड तुटायला लागतं आणि नळ्यांत कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, धरतो.

डीसॉल्टर आमच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. इथल्या फील्ड ऑपरेटर काकांनी त्याच्या बाजूचे ट्राय-कॉक दाखवले, वेगवेगळ्या उंचीवरचे बारीक नळ. खालचा उघडला तर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी, वरच्यातून काळंभोर क्रूड, आणि मधल्यातून तपकिरी, दाट, धड पाणी नाही धड तेल नाही असं काहीतरी. काका म्हणाले, "हा थर जाड झाला की समजायचं गडबड आहे, पाणी क्रूडबरोबर पुढे जाईल नाहीतर तेल खाली नाल्यात येईल." मीठ काढायचं कारणही तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड भट्टीच्या उष्णतेत पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड देतात, ते वाफेबरोबर कॉलमच्या टोकाला जातं आणि जिथे पहिलं पाणी सुटतं तिथे लोखंड खातं. म्हणजे तळात मीठ राहिलं तर भोक पडतं माथ्यावर. हे मला फार आवडलं.

आता प्रश्न. पेट्रोकेमिकलमध्ये काय बघू? दुसरं, रिपोर्टसाठी कॉलेजच्या गाईडनी प्रोसेस डिस्क्रिप्शन पुरे म्हटलंय, पण मला स्वतःचं काहीतरी घालायचंय, काय घेऊ? आणि तिसरं, ऑपरेटर लोकांना सारखं विचारत राहिलं तर चालतं का? ते कामात असतात, मलाच संकोच वाटतो.

नवशिका

तुला क्रूड युनिटला तरी पाठवलं. आम्हाला ट्रेनिंगला एका खोलीत बसवलं, पीडीएफ दिल्या, एकदा बसमधून प्लांट फिरवला आणि शेवटी सर्टिफिकेट. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, कंट्रोल वाल्व जवळून बघायला मिळेल म्हणून गेलो होतो. माझं प्रामाणिक मत आहे की बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग ही फक्त सहीपुरती गोष्ट झालीय आणि विद्यार्थ्याने कितीही उत्साह दाखवला तरी फरक पडत नाही.

पॅनलवाला

रिफ्लक्स, तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो. विचार, जरूर विचार. मी आधी फील्डवर होतो, आता कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसतो, ट्रेनी प्रश्न विचारतो तेव्हा राग कुणालाच येत नाही, राग येतो तो नको त्या वेळेला मध्ये उभं राहिल्यावर. शिफ्ट बदलताना हँडओव्हर चालू असतो तेव्हा लांब राहायचं, अलार्म वाजत असतील तेव्हा तोंड बंद आणि डोळे उघडे. बाकी वेळ, खास करून राउंड झाल्यावर, माणूस निवांत असतो. आणि एक पक्कं लक्षात ठेव, कुठल्याही वाल्वला, बटणाला, अगदी सॅम्पल पॉइंटलाही हात लावायचा नाही, ऑपरेटर दाखवेल ते बघायचं.

आता कामाचं. पी अँड आयडीचा, म्हणजे सगळे पाइप, वाल्व आणि मीटर दाखवणाऱ्या नकाशाचा, एक प्रिंट माग आणि एकच लाईन धरून चाल. एकच! टाकीच्या पंपापासून निघ आणि ती लाईन जिथे जाते तिथपर्यंत पायी जा, वाटेत जे जे दिसेल ते कागदावर शोध. आयसोलेशन वाल्व, चेक वाल्व, ड्रेन, व्हेंट, बायपास, स्टीम ट्रेसिंग, सेफ्टी वाल्व आणि तो कुठे सुटतो. कागदावर आहे पण जागेवर नाही, किंवा जागेवर आहे पण कागदावर नाही, असं एखादं तरी सापडतंच. अशी एक लाईन पूर्ण केलीस तर अख्खं मॅन्युअल वाचल्यापेक्षा जास्त हाताला लागेल.

त्याच कागदावर प्रत्येक कंट्रोल वाल्वखाली लिहिलेलं असतं, वाल्व हलवणारी दाबाची हवा गेली तर तो उघडा राहणार की बंद होणार. ते बघताना दर वेळी स्वतःला विचार, असं का? भट्टीच्या फ्युएल गॅसचा वाल्व हवा गेली की बंद होतो, कारण आग थांबायला हवी. पण त्याच भट्टीच्या नळ्यांतून जाणाऱ्या क्रूडचा वाल्व उघडा राहतो, कारण भट्टीच्या विटा तापलेल्या असतात, आग विझली तरी उष्णता असतेच, आत प्रवाह थांबला तर नळी जळते. रिफ्लक्सचा, म्हणजे माथ्याची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडतात त्या द्रवाचा, वाल्व बहुतेक ठिकाणी उघडा राहणारा, म्हणजे कॉलमचं टोक थंड राहतं. तुझं नावच रिफ्लक्स आहे तेव्हा हा तरी जाऊन बघच. ज्याने डिझाईन केलं त्याने सगळ्यात वाईट दिवसाचा विचार केलेला असतो आणि तो विचार वाल्वखालच्या एफओ (उघडा) किंवा एफसी (बंद) या दोन अक्षरांत असतो.

लॉगबुक वाचायला परवानगी मिळाली तर मागच्या शटडाऊननंतरच्या स्टार्टअपची पानं वाच. नॉर्मल चालू प्लांटमध्ये काही घडत नाही असं वाटतं, स्टार्टअपच्या पानांत सगळं घडत असतं.

नवशिका, तुझी तक्रार खोटी नाही. पण खोलीत बसवलं तरी पी अँड आयडी मागता येतो, कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात एक तास उभं राहायची परवानगी मागता येते. काही ठिकाणी नाही म्हणतात, काही ठिकाणी कुणी मागतच नाही म्हणून देत नाहीत.

गॅस्केट

मेकॅनिकल मेंटेनन्सवाला. केमिकलची मुलं पंपाकडे चिन्ह म्हणून बघतात, एक गोल आणि त्याला त्रिकोण, बस. जरा थांबून बघत जा. प्रत्येक महत्त्वाच्या जागी दोन पंप का, त्यातला एक मोटरवर आणि दुसरा स्टीम टर्बाइनवर का, वीज गेली तर कुठला चालेल? चालू पंपाशेजारी उभी राहून आवाज ऐक. सक्शनला पुरेसं प्रेशर नसलं की आत बुडबुडे होऊन फुटतात आणि पंपात खडी भरल्यासारखा आवाज येतो, एकदा ऐकलास की एनपीएसएच (पंपाला सक्शनला लागणारा किमान दाब) नावाचा प्रकार परत पाठ करावा लागत नाही.

व्हॅक्युम कॉलमला, म्हणजे खूप कमी दाबावर चालणाऱ्या कॉलमला, गेलीस का? त्याचा तळ जमिनीपासून इतका उंच का उचललाय ते विचार. तळातलं तेल त्या दाबाला उकळत्या अवस्थेतच असतं, वरून दाब नाही, तर पंपाला सक्शन मिळणार कुठून? उंचीतून. आणि वर इजेक्टरचे, म्हणजे वाफेच्या झोताने व्हॅक्युम ओढणाऱ्या यंत्रांचे, कंडेन्सर दिसतील, त्यांच्यातून पाण्याची नळी सरळ खाली हॉटवेलमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीत, बुडवलेली असते. ते कंडेन्सर हॉटवेलपासून 10 मीटरहून जास्त उंच असतात, कारण वातावरणाचा दाब पाण्याला साधारण 10.3 मीटर उचलतो, त्याहून कमी उंची ठेवली तर पाणी उलटं चढून व्हॅक्युमच घालवेल. आठवीतला टॉरिचेलीचा प्रयोग एवढ्या मोठ्या आकारात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार!

तिसरी_शिफ्ट

धागा वाचून बरं वाटलं. मी थोडं वेगळं सांगतो, नोकरीतला बराच काळ शिफ्ट इन्चार्ज म्हणून काढलाय.

ट्रेनिंगच्या काळात अपघातांचे अहवाल वाचा, आणि युनिटमध्ये उभं राहून वाचलेल्या गोष्टी शोधा. अमेरिकेतली टेक्सास सिटी रिफायनरी, 23 मार्च 2005. आयसोमरायझेशन युनिटमधला रॅफिनेट स्प्लिटर नावाचा कॉलम सुरू करत होते. कॉलममध्ये फीड जात होतं आणि तळातून बाहेर जाणारा वाल्व कित्येक तास बंद. मनोरा 50 मीटरहून उंच, पातळी दाखवणारं मीटर मात्र तळच्या जेमतेम 3 मीटरपुरतं, आणि त्याचं कॅलिब्रेशन चुकलेलं, त्यामुळे कॉलम भरत असताना पॅनलवर पातळी हळूहळू कमी होतेय असं दिसत होतं. शेवटी द्रव माथ्यावरून ओसंडला, सेफ्टी वाल्व उघडले, ते सगळं फ्लेअरला (जास्तीचा गॅस जाळून टाकणाऱ्या चिमणीला) न जाता एका जुन्या ब्लोडाऊन ड्रमच्या उघड्या चिमणीतून वर उडालं. ढग पेटला, 15 माणसं गेली, 180 जखमी. गेलेली माणसं जवळच ठेवलेल्या ट्रेलर-ऑफिसात आणि त्यांच्या आसपास होती, त्या स्टार्टअपशी त्यांचा संबंधही नव्हता.

यात तुम्ही विद्यार्थ्यांनी काय बघायचं? आत किती जातंय आणि बाहेर किती निघतंय, हा मटेरियल बॅलन्स. पहिल्या वर्षात शिकवतात तोच. तिथे फीड आणि बाहेरचा प्रवाह हे दोन आकडे पॅनलच्या एकाच स्क्रीनवर नव्हते. तेव्हा तुम्ही कंट्रोल रूममध्ये उभे राहाल तेव्हा एखादा कॉलम धरून हे दोन आकडे कुठे दिसतात ते शोधा, आणि लेव्हल मीटरची रेंज कुठून कुठपर्यंत आहे ते विचारा. 100 टक्के म्हणजे कॉलम भरला असं नसतं, मीटरची रेंज संपली एवढंच असतं.

आणि वर्क परमिट. हॉट वर्क, व्हेसल एंट्री, इलेक्ट्रिकल आयसोलेशन. विद्यार्थ्यांना हे कारकुनी काम वाटतं. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी वाल्व दुरुस्तीला काढला होता आणि तिथे नुसता ब्लाइंड फ्लॅंज (तोंड बंद करणारं झाकण) लावला होता, त्याचं परमिट रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोचलंच नाही, त्यांनी तो पंप सुरू केला. कागद नुसता भरून भागत नाही, तो पुढच्या माणसाच्या हातात पडावा लागतो. परमिट देताना इश्यूअर जागेवर जाऊन काय तपासतो, गॅस टेस्ट कुठे घेतो, व्हेसलमध्ये माणूस उतरायच्या आधी ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर आहे ना ते कसं बघतात, हे एकदा त्याच्याबरोबर फिरून पाहा. याच्यासाठी मी कुठल्याही ट्रेनीला कधी नाही म्हटलेलं नाही.

कोल्डबॉक्स

रिफ्लक्स, पेट्रोकेमिकलचं मी सांगते, मी नॅफ्था क्रॅकरवर, म्हणजे नॅफ्था हे हलकं तेल तोडून इथिलीन करणाऱ्या प्लांटवर, प्रोसेस इंजिनिअर आहे.

तू आता ज्या जगातून येतेयस तिथे तेल तुटू नये म्हणून भट्टी सांभाळतात. इथे तोडायचंच असतं. नॅफ्था आणि वाफ एकत्र करून भट्टीच्या नळ्यांत 800 ते 850 अंशांपर्यंत नेतात, आणि तेही अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात. वाफ कशाला, तर हायड्रोकार्बनचा पार्शल प्रेशर (मिश्रणातला त्याच्या वाट्याचा दाब) खाली येतो, इथिलीन जास्त मिळतं आणि कोक कमी बसतो. भट्टीतून बाहेर पडल्या पडल्या लगेच थंड करावं लागतं, नाहीतर रिअ‍ॅक्शन पुढे चालूच राहून हातातलं इथिलीन जातं. तो एक्स्चेंजर बघशील, भट्टीच्या डोक्यावरच बसवलेला असतो, त्यातून हाय प्रेशर स्टीम निघते आणि त्याच स्टीमवर पुढचा अवाढव्य गॅस कॉम्प्रेसर फिरतो. म्हणजे भट्टी बसली की कॉम्प्रेसरची स्टीमही कमी पडते, सगळं एकमेकांत अडकलेलं. एखादी भट्टी डीकोकिंगला घेतलेली असेल तर नक्की बघायला जा, वाफ आणि हवा सोडून नळ्यांतला कोक जाळतात.

मग उलटं टोक. इथिलीन वातावरणाच्या दाबाला उणे 104 अंशांना उकळतं. वेगळं करायचं म्हणजे एवढं थंड करणं आलं, आणि तिथे पाण्याचा थेंब राहिला तर बर्फ आणि हायड्रेट होऊन लाईन बंद, म्हणून आधी मॉलिक्युलर सीव्हचे ड्रायर. कार्बन डायऑक्साइड आणि एच-टू-एस काढायला कॉस्टिक टॉवर. अ‍ॅसिटिलीन अगदी थोडं असतं पण पॉलिमरचा कॅटॅलिस्ट मारतं, म्हणून पॅलेडियमवर हायड्रोजन देऊन त्याचं इथिलीन करतात, आणि हे करताना शेजारचं ढीगभर इथिलीन इथेन होता कामा नये! माझ्या दृष्टीने अख्ख्या प्लांटमधली सगळ्यात नाजूक रिअ‍ॅक्शन हीच.

आणखी एक, प्रॉपिलीन-प्रॉपेन स्प्लिटर. एक उणे 47.6 ला उकळतं, दुसरं उणे 42 ला. मान वर करून माथा शोधावा लागतो इतका उंच कॉलम, शंभराहून जास्त ट्रे, काही ठिकाणी दोन तुकड्यांत उभा केलेला. मॅककेब-थीलमध्ये, म्हणजे कॉलमला किती ट्रे लागतील ते काढायच्या ग्राफमध्ये, आपण पायऱ्या काढतो ना, त्या जवळजवळ रेषेला चिकटल्या की काय होतं ते इथे लोखंडात उभं आहे.

पॉलिमरकडे झिग्लर-नाटा कॅटॅलिस्ट दिसेल, ज्याचं 1963 चं नोबेल. तिथे वेळ कमी पडला तरी चालेल असं माझं मत, पण क्रॅकरच्या भट्ट्या आणि कोल्ड सेक्शन सोडू नकोस.

आकडेमोड

रिपोर्टसाठी माझा सल्ला, प्रीहीट ट्रेनमधला, म्हणजे भट्टीच्या आधी क्रूड तापवणाऱ्या रांगेतला, एकच एक्स्चेंजर घे. चारही टोकांचं तापमान, दोन्ही प्रवाह, डेटाशीटवरचा एरिया. उष्णता काढ, लॉग मीन (दोन्ही बाजूंच्या तापमानातल्या फरकाची सरासरी) काढ, यू (उष्णता किती सहज पलीकडे जाते तो आकडा) काढ, डेटाशीटमधल्या स्वच्छ यूशी ताडून बघ. मग मागच्या शटडाऊनपासूनचा डेटा घेऊन यू कसा उतरत गेला त्याचा ग्राफ. हे फाउलिंग, म्हणजे आत घाण बसणं, झालं.

त्याची किंमत किती ते पण काढ. समज 500 टन तासाला क्रूड जातंय आणि प्रीहीट 10 अंशांनी घसरलं. स्पेसिफिक हीट 2.6 धरली तर साधारण 3.6 मेगावॉट भट्टीला जास्तीचे द्यावे लागतात. भट्टीची एफिशिअन्सी 90 टक्के म्हणजे 4 मेगावॉटचं इंधन, फ्युएल गॅस किलोला 48 मेगाज्यूल धरला तर तासाला 300 किलो, दिवसाला सात टनांच्या वर. 10 अंश ऐकायला काहीच वाटत नाही. डेटा वापरण्याआधी तिथल्या मेंटरची परवानगी घे, आणि रिपोर्टमध्ये खरे आकडे चालत नसतील तर सगळे डिझाईनच्या टक्क्यांत मांड.

रिफ्लक्स

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आकडेमोड दादा, एक्स्चेंजर घेतला. परवानगी मिळाली. पण एक अडचण आलीय, क्रूडच्या बाजूने काढलेली उष्णता आणि गरम बाजूने, म्हणजे डिझेलच्या बाजूने काढलेली, जुळत नाहीत. क्रूडची बरीच जास्त येतेय. क्रूडचं फ्लो मीटर ट्रेनच्या सुरुवातीला आहे आणि पुढे दोन समांतर फाटे होतात, मी अर्धं अर्धं धरलंय.

आकडेमोड

अर्धं अर्धं धरू नको. डिझेलच्या बाजूच्या उष्णतेवरून उलट क्रूडचा प्रवाह काढ, दुसऱ्या फाट्यावरही तेच कर, आणि दोन्हीची बेरीज मीटरशी जुळते का बघ. मीटर ओरिफिसचं (भोकाच्या पट्टीवर दाब किती घटतो त्यावरून प्रवाह काढणारं) असेल तर डेन्सिटी करेक्शन बघ, क्रूड बदललं की डेन्सिटी बदलते आणि कुणी करेक्शन टाकलं नसेल तर आकडा थोडा खोटा असतो. तरी फरक राहिला तर क्रूडच्या बाजूचा बायपास बंद आहे का?

पॅनलवाला

बायपास बहुतेक हँड वाल्व असणार, डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, त्याचा पत्ता लागणार नाही. काकांना घेऊन जागेवर जा. वाल्व बंद दिसला तरी ते पुढची लाईन किती गरम आहे ते इन्फ्रारेड गनने बघतील, आतून पास होत असेल तर कळेल.

रिफ्लक्स

जाऊन आले. दोन्ही फाट्यांची बेरीज डेन्सिटी करेक्शननंतर मीटरच्या बरीच जवळ आली, पण माझ्या एक्स्चेंजरच्या फाट्यात कमी क्रूड येतंय. बायपास बंद आहे, पासही होत नाहीये. काकांनी दोन्ही फाट्यांच्या सुरुवातीचे हँड वाल्व दाखवले, माझ्याकडचा दोन-तीन फेरे कमी उघडा आहे. जुन्या लॉगबुकात सापडलं, दुसऱ्या फाट्यातला एक एक्स्चेंजर साफ करून परत लाईनमध्ये घेतला तेव्हा इकडचा थोडा आवळला होता. तो तसाच राहिलाय का मुद्दाम ठेवलाय ते मेंटर शिफ्ट इन्चार्जना विचारणार आहेत.

मग आता यू काढताना मागचा डेटा कसा वापरू? वाल्व आवळल्याच्या आधीचा आणि नंतरचा एकाच ग्राफवर टाकला तर चालेल का?

आकडेमोड

एकाच ग्राफवर टाक, पण त्या तारखेला उभी रेघ मार. प्रवाह कमी झाला की वेग कमी, वेग कमी की यू आपोआप उतरतो, ते सगळं फाउलिंग म्हणून मोजू नको. नंतरच्या डेटासाठी क्रूडच्या बाजूचा कोएफिशंट वेगाच्या 0.8 घाताने बदलतो असं धरून स्वच्छ यू नव्याने काढ, क्रूड नळ्यांच्या आतून जातंय आणि प्रवाह टर्ब्युलंट आहे ना ते डेटाशीटवर आधी बघून घे. त्याच्याशी तुलना केलीस की जो फरक उरेल तो खरा घाणीचा. आणि वेग कमी झाल्यापासून घाण जास्त वेगाने बसतेय का तेही त्या रेघेच्या उजवीकडे दिसेल, ते मेंटरना नक्की दाखव.

नवशिका

हे शेवटचे प्रतिसाद वाचून माझ्या मेंटरला मेल केली, कंट्रोल वाल्वचं वर्कशॉप आणि कंट्रोल रूम बघायची परवानगी मागितलीय. पॅनलवाला काका, वर्कशॉपमध्ये वाल्व उघडलेला असला तर सगळ्यात आधी काय बघू?

पॅनलवाला

प्लग आणि सीट. कुठे आणि कसं झिजलंय ते बघ, मग तो वाल्व कुठल्या लाईनचा, दोन्ही बाजूंना दाब किती आणि किती टक्के उघडा चालायचा ते विचार. कायम पाच-दहा टक्क्यांवर चालणाऱ्या वाल्वची सीट लवकर जाते. बोटाने चाचपू नको, कड धारदार असते, टॉर्च माग.